दारातला फाळ

पोशेऱ्याला परत जायचं की जव्हारला राहायचं, हे त्या वर्षी ठरायचं होतं. ठरवणारे आम्ही नव्हतो, म्हणून माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. माझा नवरा संस्थानच्या कचेरीत कारकून. जुन्या नोकरांपैकी कुणाला नव्या सरकारात घ्यायचं आणि कुणाला घरी पाठवायचं, हे पाहायला बाहेरून एक साहेब आले. त्यांना गावात जागा मिळेना, तेव्हा नवऱ्याने आमची ओटीवरची खोली त्यांना देऊन टाकली. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मीही द्याच म्हटलं असतं. पोशेऱ्याला सासऱ्यांची शेती होती, घर होतं, माणसंही वाईट नव्हती. पण होळी झाली की तिथली विहीर आटायची आणि ओहळातल्या झऱ्यापाशी वाटीवाटीने पाणी भरत बसावं लागायचं. जव्हारला विहीर दोन घरं सोडून होती. मला परत जायचं नव्हतं ते एवढ्यासाठी. यापेक्षा मोठं कारण मला तेव्हा लागलं नाही, आताही लागत नाही.

साहेब बूट घालायचे. आमच्याकडे तोवर बूट घालून कुणी आलेलं नव्हतं. नवऱ्याच्या पायात वहाणा, बाकी आम्ही सगळे अनवाणी. दाराशी पाण्याचा हंडा आणि तांब्या असायचा. आलेल्या माणसाच्या पायांवर पाणी घालायचं, मग त्याने आत यायचं. वळवाची एक जोरदार सर येऊन गेली त्या संध्याकाळी साहेब कचेरीतून आले, बुटांना घोट्यापर्यंत लाल चिखल. मी डोक्यावरचा पदर पुढे ओढला, खाली बघितलं आणि रीतीप्रमाणे तांब्याभर पाणी त्यांच्या पायांवर ओतलं. आपण बुटांवर ओततो आहोत हे कळलं, पण पाय तर पाय, असं मला वाटलं.

"अहो बाई! मोजे भिजले!"

साहेब एका पायावर उड्या मारत ओटीवर गेले. शेजारीण कुडाच्या पलीकडून बघत होती. ती तोंडाला पदर लावून हसली. नवरा मात्र पांढरा पडला. रात्रभर म्हणत राहिला, "आता आपलं नाव काय राहतं? आता आपलं नाव काय राहतं?"

साहेब माणूस रागीट नव्हते. सकाळी नवऱ्याला म्हणाले, "दाराशी एक लोखंडी पट्टी बसवून घ्या. जमिनीत उभी रोवायची. तिच्या धारेवर बुटाचा तळ घासला की चिखल निघतो. आमच्याकडे बंगल्यांवर असते." एवढं बोलून ते कचेरीत गेले. नवऱ्याने ते हुकमासारखं घेतलं आणि तसाच लोहाराकडे पळाला. लढाई संपली होती तरी लोखंड मिळत नव्हतं. लोहाराकडे कुणाला द्यायला खिळासुद्धा नव्हता. त्याच्याकडे होता तो आमच्याच घरचा फाळ.

नांगराच्या तोंडाला असतो तो फाळ. सासऱ्यांनी उन्हाळ्यात तो पोशेऱ्याहून पाठवला होता. टोक झिजलं होतं, तिथे नवं लोखंड जोडून आणि धार करून परत पाठवायचा होता. नवं लोखंड नाही म्हणून तो लोहाराकडे पडून होता. नवऱ्याने तो तापवून ठोकून चपटा करायला लावला, दोन्ही टोकांना पाय काढून घेतले आणि आणून पायरीशेजारी रोवला.

मी विचारलं, "हे कुठून आणलंत?"

त्याने सांगितलं.

"आणि नांगराला काय लावतील?"

"नोकरी राहिली तर त्यांना नवा घेऊन देईन. नोकरी गेली तर मीच जाऊन नांगर धरीन, तेव्हा बघू."

"तेव्हा फाळ कुठला?"

"तू गप्प बस."

शेजारीण सकाळी आली आणि पट्टीपाशी वाकली. "काय गं, दाराला विळी लावलीस? माणसं कापायची आहेत का पाहुणे घालवायचे आहेत?"

"साहेबांचे बूट घासायला आहे."

"आणि आमचे पाय?"

"तुमच्यासाठी तांब्या आहे."

"बरं बाई, आम्हाला आपलं पाणीच मिळू दे."

साहेब रोज दोन्ही बूट त्या पट्टीवर घासायचे. खर्र, खर्र. मी चुलीपाशी असले तरी तो आवाज मला बरोबर ऐकू यायचा. घासलेला चिखल पट्टीच्या दोन्ही बाजूंना साचायचा. तो मी खुरप्याने काढून टाकायची. नवरा सांगायचा, पट्टी स्वच्छ दिसली पाहिजे. मी स्वच्छ ठेवायची. फाळाचा एक कोपरा सासऱ्यांच्या शेतातल्या कातळावर आपटून तुटलेला होता. लोहाराने एवढं ठोकलं, पण तो तुटका कोपरा तसाच राहिला होता. चिखल काढला की तोच दिसायचा.

पावसाळा लागला. आता पोशेऱ्याला नांगर धरायची वेळ. बाजाराच्या दिवशी तिकडची माणसं यायची, आमच्या ओट्यावर टेकायची, निरोप सांगायची. "म्हाताऱ्याने फाळ मागितलाय." नवरा सांगायचा, "लोहाराकडे आहे, गर्दी आहे फार." पुढच्या बाजाराला पुन्हा तोच निरोप आणि तेच उत्तर. निरोप्या पट्टीच्या शेजारीच बसून बिडी ओढत होता. त्याला ती ओळखू आली नाही. माझे हात मात्र भाकरी थापताना थांबले.

त्यानंतर मी एका जागी बसले नाही. ओटी सारवून झाली की पुन्हा सारवायची. पाणी भरलेलं असलं तरी हंडा घेऊन विहिरीवर जायची, कारण विहिरीवरून पोशेऱ्याच्या बाजूने येणारा मोखाड्याचा रस्ता दिसायचा. डोक्यावर इरलं घेतलेला कुणी म्हातारा दिसला की हंडा तसाच ठेवून बघत राहायची. जवळ आला की दुसराच कुणी. पानांच्या त्या इरल्याखाली सगळे म्हातारे सारखेच दिसतात. घरी आले की नवऱ्याशी भांडायची.

"ती काढा आणि लोहाराकडे टाका. परत फाळ करून देईल."

"साहेबांनी विचारलं तर?"

"सांगा, बापाची आहे, बापाला लागते."

"नावांची यादी वर जाईपर्यंत थांब. एवढं तोंडाशी आलंय."

"शेत थांबतंय का तुमच्या नावांसाठी?"

तो उठून पायात वहाणा सरकवायचा आणि बाहेर जायचा. साहेब आल्यापासून तो स्वतःच्या वहाणाही त्या पट्टीवर घासायला शिकला होता. लागत नव्हतं तरी घासायचा.

सासरे आले ते सकाळी. मी तेव्हा विहिरीवर नव्हते, घरातच होते. एवढे दिवस वाट बघून नेमकी त्या वेळी मी तांदूळ निवडत बसले होते. अंगणातून हाक आली, "पोरी, पाणी घाल."

मी तांब्या घेऊन बाहेर आले. इरलं अजून डोक्यावरच होतं. गुडघ्यापर्यंत चिखल. पायरीपाशी येऊन थांबले होते आणि खाली बघत होते. मी पाणी घालायला वाकले तर त्यांनी पाय मागे घेतला.

"हा माझा फाळ हाय."

तेवढ्यात साहेब बूट चढवून खोलीतून बाहेर आले. कचेरीत जायच्या आधी मागच्या बाजूला जाऊन आले असावेत, बुटांना ओला चिखल होता. त्यांनी नेहमीप्रमाणे पट्टीवर एक पाय ठेवला आणि घासला. खर्र.

सासरे म्हणाले, "साहेब, पाय काढा."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "कोण हे?"

"ह्यांचे वडील. पोशेऱ्याहून आलेत."

"या ना बाबा, आत या. पाय पुसा आणि या."

"याच्यावर पाय द्यायचा नाय मला. नांगराचा फाळ हाय हा. वर्षाला याला हळदकुंकू लावतो आम्ही."

साहेब हसले, पण वाईट हसले नाहीत. "अहो, जुनं लोखंड आहे ते."

"तुम्हाला जुनं. मला यंदाला पाहिजे."

साहेबांनी पाय खाली घेतला. एका बुटाचा चिखल निघालेला, दुसऱ्याचा तसाच. नवरा तेव्हा दारात येऊन उभा राहिला होता. बापाकडे बघावं की साहेबांकडे, हे त्याला कळत नव्हतं.

सासरे त्याला म्हणाले, "पहार आण."

"बाबा, तुम्ही आधी बसा, चहा..."

"पहार आण रे."

तो हलला नाही. मी आत गेले आणि कोपऱ्यातली पहार आणून दिली. सासऱ्यांनी इरलं उतरवून बाजूला ठेवलं आणि उकरायला सुरुवात केली. जमीन ओली, पट्टी लवकर सुटली. त्यांनी ती अंगणातल्या पागोळीखाली धरली, अंगठ्याने चिखल काढला, तुटका कोपरा चाचपून पाहिला आणि काखेत मारली. मग माझ्यापुढे पाय केले. मी पाणी घातलं. आत मात्र आले नाहीत. ओट्याच्या कडेला बसून भाकरी खाल्ली आणि लोहाराकडे गेले. लोहाराने संध्याकाळपर्यंत पुन्हा फाळ करून दिला. तापवून, ठोकून, पाय कापून त्यात लोखंड कमी झालं होतं. फाळ चांगलाच आखूड झाला.

सासरे गेल्यावर नवरा ओटीवर डोकं धरून बसला. "संपलं. उद्या आपण बैलगाडी बघायची." मीही तेच धरलं. भांडी एकावर एक रचली, पुन्हा मांडली, पुन्हा रचली. पोशेऱ्याचा तो झरा डोळ्यांपुढून जाईना. साहेबांशी त्या दिवशी आणि नंतरही काही दिवस आम्ही धड बोललो नाही. ते काठीने बूट खरवडायचे आणि आत जायचे.

जव्हार सोडायच्या दिवशी साहेबांनी नवऱ्याला ओटीवर बोलावलं. मी दाराआड होते. साहेब म्हणाले, "तुमचं काम झालंय. तुम्हाला ठेवलंय."

नवऱ्याने हात जोडले. "साहेबांची कृपा. त्या दिवशी वडिलांनी..."

"त्याचं काय? यादी मी तुमच्या घरी राहायला येण्याआधीच ठाण्याला गेली होती, मी नुसतं दप्तर ताब्यात घेत होतो. तुमचं नाव तेव्हापासून तिच्यात आहे."

साहेब गेले. मी बाहेर आले आणि नवऱ्याला म्हटलं, "म्हणजे फाळ फुकट गेला."

"फुकट कसा? नोकरी राहिली ना?"

"ती फाळामुळे राहिली नाही."

पहिला पगार झाला तेव्हा त्याने स्वतःसाठी बूट आणले. फाळ आणला नाही. लोखंड मिळत नाही म्हणाला. ते खरंही होतं.

आवणीला, भाताची रोपं लावायला, मी पोशेऱ्याला गेले. नवऱ्याला रजा नव्हती, आणि असती तरी मी गेलेच असते. घरी बसवतच नव्हतं. सासरे चिखलात नांगर धरून होते. आखूड फाळ वरवर चालत होता आणि त्यांना सगळं अंग नांगरावर टाकावं लागत होतं. शेजारच्या शेतातला पुढे निघून जायचा, आमचा नांगर मागे. मी रोपं लावत बांधापर्यंत आले तेव्हा ते घाम पुसत थांबले.

मी म्हटलं, "मामा, नोकरी राहिली."

"कळलं."

"आम्ही तिकडेच राहणार."

"राहा. पाणी हाय तिकडं." मग बैलांना हाकताना म्हणाले, "दारात खड्डा असंल आता. बुजव. कुणी पडंल."

आवणी उरकून मी जव्हारला परतले तेव्हा तो खड्डा तसाच होता आणि त्यात पाणी साचलं होतं. नवरा रोज त्याच्यावरून उडी मारून घरात जात असणार. मी विहिरीमागून एक सपाट दगड आणला, खड्ड्यात बसवला, बाजूने माती ठोकली. त्यावर उभं राहून पायांवर पाणी घेतलं. आवणीचा चिखल नखांत गेलेला, तो सगळा निघाला नाही.

संध्याकाळी नवरा आला. नवे बूट, तळाला चिखल. त्याने दगडाकडे बघितलं.

"इथं पट्टी बसवायची होती मला."

"पाय धुवा," मी म्हटलं आणि तांब्या भरून घेतला.

तो खाली बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागला.