दंड दिवसावर की महिन्यावर

माझी मुलगी कॅलिफोर्नियात नोकरीला आहे आणि आम्ही दोघं नवरा-बायको जिंतूरला. दर रविवारी सकाळी तिचा व्हिडिओ कॉल येतो, तिच्याकडं तेव्हा शनिवारची संध्याकाळ असते. मार्चमधल्या एका रविवारी ती फोनवर आली तीच तोंड पाडून. काय झालं विचारलं तर म्हणाली, टॅक्सचा फॉर्म भरायला बसले होते, त्यात दंड दाखवतोय.

मुलीला दंड म्हटल्यावर मी हातातला चहाचा कप खाली ठेवला. जन्म प्राथमिक शाळेत शिकवण्यात गेला. सरकारी कागदावर आपलं नाव चुकीच्या कारणानं येऊ नये, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा. तिनं शांतपणे समजावून सांगितलं. तिच्या राज्यात प्रत्येकाकडं आरोग्य विमा असलाच पाहिजे असा कायदा आहे. वर्षातले जेवढे महिने विम्याशिवाय जातील, त्यांचा दंड टॅक्सबरोबर भरावा लागतो. आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये तिनं जुनी नोकरी सोडली होती. नवी कंपनी रुजू करून घ्यायचं पुढं ढकलत राहिली, म्हणून ती मधला काळ आमच्याकडं येऊन राहिली. नोकरीबरोबर तिथला विमाही गेला. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर असे चार महिने तिनं फॉर्ममध्ये बिनविम्याचे दाखवले होते.

"अगं, पण तू तर इथं होतीस," मी म्हणालो. "तिथल्या दवाखान्याची पायरीसुद्धा चढली नाहीस. मग दंड कशाचा?"

"विमा नव्हता त्याचाच, बाबा."

मला काही ते पटलं नाही. आठवडाभर मी भेटेल त्याला ही गोष्ट सांगत सुटलो. आजारी पडलं तर खर्च आणि न पडलं तर दंड, हे कसलं राज्य, असा माझा सूर. बँकेतल्या रांगेत सांगितलं, सलूनमध्ये दाढी करून घेताना सांगितलं. आमच्याकडं रोज सकाळी शेळीचं दूध घालायला एक जण येतो. तो माझाच जुना विद्यार्थी. शाळा सातवीत सोडली आणि वडलांची शेरडं सांभाळायला लागला. त्यालाही सांगितलं. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, तुमचा हाय का इमा?"

मी नाही म्हणालो.

"माज्या शेरडायचा हाय की," तो म्हणाला. "परत्येकीच्या कानात इम्याचा बिल्ला हाय."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. घरात येऊन पाहतो तर बायको भांड्यातलं दूध पातेल्यात ओतताना गालातल्या गालात हसत होती.

माझी बायको इथल्या हायस्कुलात क्लार्क होती. शिक्षकांचे हजेरीपट आणि रजेचे अर्ज तिनं इतकी वर्षं सांभाळले, की कोण कुठल्या तारखेला रुजू झालं हे त्या माणसाआधी तिला आठवायचं. पहिल्या कॉलच्या वेळी ती मेथी निवडत सगळं ऐकत बसली होती. दुसऱ्या रविवारी मात्र चष्मा लावून, वही घेऊन माझ्याआधी फोनसमोर बसली. मुलीनं फॉर्म अजून पाठवला नव्हता.

"मला एक सांग," ती म्हणाली, "दंड दिवसावर हाय का महिन्यावर?"

"महिन्यावर."

"मग महिना भरला कवा धरत्यात? जुन्या नोकरीतला तुजा शेवटचा दिवस कोणता?"

मुलगी म्हणाली, दोन ऑगस्ट, विमाही त्याच दिवशी संपला. आणि नवा विमा अठ्ठावीस नोव्हेंबरपासून. दोन्ही महिन्यांत विमा पूर्ण महिनाभर नव्हता, म्हणून तिनं ते बिनविम्याचेच धरले होते.

"बिनविम्याचे कशाला धरले? नियम काय म्हणायलाय ते वाच आदी."

मुलगी वाचू लागली. आम्हाला फोनवर तिचं फक्त कपाळ दिसत होतं. मग ती हसायलाच लागली. एका दिवसाचा जरी विमा असला, तरी तो अख्खा महिना विम्याचा धरतात, असं तिथं स्वच्छ लिहिलेलं होतं. म्हणजे ऑगस्टही सुटला आणि नोव्हेंबरही. उरले दोन महिने, आणि सलग तीन महिन्यांपर्यंतचा खंड असेल तर माफी आहे. तिनं आमच्यासमोरच ऑगस्ट आणि नोव्हेंबरपुढची खूण बदलली, उरलेल्या दोन महिन्यांसाठी माफीचा रकाना भरला आणि दंडाच्या जागी शून्य आलं.

बायकोनं वही मिटली. "आमच्या शाळंत लोक अर्ध्या दिवसाच्या रजेसाठी भांडायचे," एवढंच म्हणाली आणि उठून कुकर लावायला गेली. मी मात्र तो दिवसभर ज्याच्या त्याच्याकडं तिची तारीफ करत फिरलो. आठवडाभर ज्यांना दंडाची गोष्ट ऐकवली होती, त्यांना शेवटही सांगणं भागच होतं.

मुलगी तेवढ्यावर थांबली नाही. पुढच्या रविवारी तिनं विचारलं, आता तुमच्या दोघांच्या विम्याचं काय? मी म्हणालो, आपल्याकडं कुठं दंड आहे? यावर बायकोनं वही पुन्हा उघडली आणि आमच्या दोघांच्या जन्मतारखा लिहून घेतल्या. त्या वहीपुढं माझं काही चाललं नाही.

विम्याआधी तपासणी लागते म्हणून आम्ही उपाशीपोटी एसटीनं परभणीला गेलो. रक्त दिलं, छातीवर वायरी लावून घेतल्या. बायकोचं सगळं व्यवस्थित निघालं. माझी साखर काठावर होती. डॉक्टर म्हणाले, बरं झालं आत्ताच कळलं, रोज चाला. बाहेर येऊन आम्ही पोहे खाल्ले. चहा बायकोनं माझ्यासाठी परस्पर बिनसाखरेचा सांगितला.

पॉलिसी चार आठवड्यांनी आली. तोवर आमचं येलदरी रस्त्यानं सकाळचं चालणं सुरू झालं होतं. ती पुढं असते, मी मागं. वाटेतल्या एका बाभळीपाशी पोचली की ती थांबते, वळून माझी वाट बघते आणि मी जवळ आलो की पुन्हा चालू लागते. मला दम खायला काही मिळत नाही.