हलकी लेन्स

आमच्या नाशकात त्या काळी फोटोग्राफीचा एक क्लब होता. म्हणजे फोटोंपेक्षा लेन्सांचाच. शनिवारी संध्याकाळी मंडळी जमायची, चहा व्हायचा आणि कुणाच्या मेव्हण्यानं परदेशातून काय आणलं ते टेबलावर मांडलं जायचं. फोटो कुठाय विचारलं, तर म्हणे काढला की दाखवू. उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरं काय!

मी नगरपालिकेच्या शाळेत मास्तर. पहिल्याच दिवशी क्लबच्या अध्यक्षांनी, म्हणजे वकीलसाहेबांनी, आडनाव विचारलं, ‘हं हं’ केलं, आणि मी कुठल्या वस्तीतला ते त्यांचं त्यांनीच ओळखलं.

मला डोंगरावरच्या रानफुलांचे फोटो काढायचे होते. रविवारी पहाटेची एस.टी. पकडायची, अंजनेरी चढायची, संध्याकाळी परत. पाणी, भाकरी आणि कॅमेरा, सगळं माझ्याच खांद्यावर. म्हणून मी विचार करून सामान निवडलं होतं. पन्नास एम.एम.ची साधी लेन्स, फुलाच्या अगदी जवळ जाता यावं म्हणून तिच्यामागे बसवायची एक रिंग, आणि कड्यावरच्या गिधाडांसाठी, लांबचं जवळ आणणारी एकशे पस्तीसची बारकी लेन्स. सगळं खांद्यावरच्या एका शबनम पिशवीत मावायचं.

वकीलसाहेबांनी ती बारकी लेन्स दोन बोटांत धरली. “हलकी आहे हो.”

“म्हणून तर घेतली.”

“तसं नाही मास्तर. हलकं ते हलकंच.”

मोठा सोयीचा शब्द आहे हा. वजनाला लावा, कापडाला लावा, माणसाला लावा. माझ्या आजोबांना तो गावानं जन्मभर लावला. ह्यांनी कुठल्या अर्थानं वापरला ते मला कळलं, आणि मला कळलं हे त्यांनाही कळलं. बाकीचे फिदीफिदी हसले.

तरी मी क्लब सोडला नाही. कारण वर्षातून एकदा त्यांचं प्रदर्शन भरायचं, आणि तिथल्या भिंतीवर मला माझा फोटो हवा होता. हवा म्हणजे हवाच! वाटायचं, फोटोला कुठं आडनाव असतं?

श्रावण सरता सरता क्लबची सहल अंजनेरीला निघाली. वकीलसाहेबांनी लेन्सांची पेटी आणली होती. पेटीच हो, रुखवताला शोभेल अशी! पायथ्याशीच त्यांना घाम फुटला. मग आवाजात साखर आली.

“मास्तर, तुमच्याकडे हलकंच आहे ना? मग आमची पेटी घ्या की. तुम्हा लोकांना सवय असते.”

सवय! माझ्या आईनं बांधकामावर पाट्या वाहिल्या त्या मी शिकावं म्हणून, ह्यांची काचभांडी वर पोचवावीत म्हणून नाही. तळपायाची आग मस्तकात गेली.

“मला खडू उचलायची सवय आहे, साहेब,” म्हटलं आणि चालायला लागलो.

वर पठारावर धुकं विरत होतं. कातळाच्या खाचेत बोटभर उंचीचं जांभळं फूल होतं. रिंग लावली, चिखलात पोटावर पडलो, श्वास रोखला आणि फोटो काढला. मंडळी पोचली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. कुठली लेन्स लावावी ह्यावर त्यांनी कडाकडा भांडून घेतलं, पुरीभाजी खाल्ली, एकमेकांचे फोटो काढले आणि उतरले. धन्य ती फोटोग्राफी!

निवडीला परीक्षक बाहेरगावचे होते, म्हणून माझा फोटो प्रदर्शनात लागला. उद्‌घाटनाला मी आईला घेऊन गेलो. ठेवणीतलं लुगडं नेसून ती फोटोसमोर उभी राहिली आणि तिथून हलेना. तेवढ्यात वकीलसाहेब प्रमुख पाहुण्यांना घेऊन आले.

“हे आमचे मास्तर. ह्यांच्या समाजालाही आम्ही क्लबात संधी देतो बरं का!”

पाहुण्यांनी फोटोकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माझ्याकडे बघून कौतुकानं मान हलवली. मग आईकडे बघून हलवली. आईनं पदर सावरला आणि ती भिंतीपासून बाजूला झाली.

मी हात वर केले आणि फ्रेम उतरवली.

“अहो मास्तर, हे काय? प्रदर्शन अजून दोन दिवस आहे! लोकांना काय दाखवू?”

“खिळा दाखवा,” म्हटलं. “तो तुमचा आहे.”