डावी बाजू बसेपर्यंत

पोलक्यावर तेलाचा डाग पडला होता, आणि मी त्या दिवशी डोक्याला तेल लावलंच नव्हतं. डाव्या बाजूला, बोराएवढा. मी दचकले आणि पदर ओढून घेतला.

वर्ध्याच्या आमच्या मुलींच्या शाळेत शिक्षिकांचं छोटं होस्टेल आहे. खोल्या कमी आणि भिंती पातळ, म्हणून किस्से फार साठतात. एक सांगायला घ्यावा तर त्याच्या पोटातून दुसरा निघतो. या डागाचंही तसंच, म्हणून मागून सुरुवात करते. हसा, पण नाव कुणाला सांगू नका.

*

लहानपणी मला छातीत डाव्या बाजूला गळू झालं होतं. ते कापलं, गळू गेलं आणि खळगा राहिला. वयात आल्यावर उजवी बाजू वाढली, डावी तिथेच थांबली. कॉलेजात असल्यापासून मी त्या खळग्यात पेळू भरत आले. पेळू म्हणजे सूत कातायला वळलेली पिंजलेल्या कापसाची गुंडाळी. आमच्याकडे रोज सगळ्यांची मिळून सूतकताई, त्यामुळे पेळूंना तोटा नाही.

एकदा कताईत टकळी हातून सुटली. उचलायला वाकले, तर पोलक्यातून एक पेळू घरंगळत थेट मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या पायाशी! धरणी दुभंगेल तर बरं, असं झालं मला. मोठ्या बाईंनी तो उचलला, धूळ झटकली आणि सगळ्यांना दाखवला. "पाहा, याला म्हणतात काटकसर. उरलेला पेळूसुद्धा जपून ठेवते ही."

दुसऱ्या दिवसापासून आणखी दोघी पोलक्यात पेळू ठेवायला लागल्या.

*

नागपूरला एक सर्जन होते. लढाईतल्या जखमी शिपायांचे चेहरे त्यांनी नीट केले होते म्हणे. त्यांनी माझ्याच बसायच्या जागेतली चरबी काढून त्या खळग्यात भरली. होस्टेलात मी सांगितलं, अपेंडिक्स.

माझ्या खोलीत कुसुम राहते, सेलूची. तिला नेमकं अपेंडिक्स झालेलं! ती आपले टाके दाखवून माझे बघायला मागायची, आणि मी म्हणायची, डॉक्टरांनी वारा लागू देऊ नका म्हटलंय. पण जेवताना पाटावर टेकले की डोळ्यांत पाणी यायचं. कुसुमनं ते बरेच दिवस पाहिलं.

"काऊन गं, अपेंडिस तं पोटात असते. मंग तुले बसता काऊन नाई येत?"

"माझं जरा खाली होतं," मी म्हटलं.

*

त्याआधीची गोष्ट राहिलीच. टाके काढायच्या दिवशी मी धीर करून खाली पाहिलं, तर डावी बाजू उजवीपेक्षा मोठी! मी रडायलाच लागले. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की सूज उतरेल, भरलेल्यातलं काही शरीर शोषून घेईल, दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या कधीच होणार नाहीत. पण माझ्या कानात एवढंच राहिलं होतं, की भरून देऊ.

वॉर्डातली सिस्टर कारंज्याकडची, घोगऱ्या आवाजाची. ती म्हणाली, "नवी भरलेली गादी पाह्यली का कधी? पहिले फुगते, मंग बसते. बसू दे तिले. सहा महिने आरशात पाहूच नको."

मी आरशात पाहिलं नाही. होस्टेलात परतले आणि उजव्या बाजूला पेळू भरायला लागले.

*

सूज उतरत होती. दोन्हीकडचे पेळू सुटतील असं वाटायला लागलं होतं, आणि मग तो डाग. दुसऱ्या दिवशी पुन्हा, पिवळट. कुसुमनं दोरीवरचं पोलकं नाकाशी नेलं. "जवसाचं तेल व्हय का हे?"

मी भिंतीकडे तोंड करून सगळं सांगितलं. चरबी वितळून चालली, पुन्हा खळगा, पुन्हा जन्मभर पेळू. ती हसेल म्हणून वाट पाहत राहिले.

"म्हंजे तुझं खाली नव्हतंच," ती म्हणाली. मग तिनं चपला घातल्या. "चाल पोस्टात. सिस्टरले विचारू."

*

पोस्टात बाजाराची गर्दी, आणि फोन सगळ्यांसमोर काउंटरवर. ट्रंक कॉल लावून बसलो. बऱ्याच वेळानं बाबूंनी रिसीव्हर माझ्या हातात दिला. आत काहीतरी खट्ट वाजलं. नागपूर म्हणजे ओरडावं लागतं, एवढं मला माहीत होतं. मी डोळे मिटले.

"सिस्टर, मी वर्ध्याहून! छातीत भरलेली चरबी तेल होऊन गळतेय! ती बसणार की जाणार?"

डोळे उघडले. तिकीट चाटायला निघालेल्या एका गृहस्थांची जीभ बाहेरच राहिली होती. बाबू टेबलाकडे बघत हळूच म्हणाले, "बाई, अजून लागला नाही."

कुसुम मागं वळली. "काय पाहून राह्यले? तुमच्या घरी बाया नाईत का?"

एकेकानं भिंतीकडे तोंड केलं. बाहेर मात्र कुणी गेलं नाही. मी रिसीव्हर कानाशी धरून उभी, आणि माझ्याबरोबर अख्खं पोस्ट पाठमोरं थांबलेलं. शेवटी खरखर झाली आणि तो घोगरा आवाज आला.

"हॅलो, कोण बोलून राह्यलं? जोरानं बोला, काईच ऐकू नाई येऊन राह्यलं!"