मॅडमचा उपास

शैला मॅडम स्वयंपाकाच्या शेडमध्ये आल्या की आधी पातेल्यावरचं झाकण उचलायच्या, डोळे मिटून वाफ नाकात घ्यायच्या आणि म्हणायच्या, "पंचफुला मावशी, वासानंच पोट भरलं बघा." मीठ कमी पडलं की जास्त, तेही वासावरून सांगायच्या आणि बहुतेक वेळा बराबर सांगायच्या. प्रत्यक्ष चव बघायचं काम त्यांनी शाळेतल्या शिंदे सरांकडे दिलं होतं. मला त्यात काही खटकलं नाही. एकेकाची सवय असते.

हसनाबादच्या पुढे आमचं गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी खिचडी शिजवते आणि शैला मॅडम तिथे मुख्याध्यापिका होत्या. बदनापूरहून स्कूटीवर यायच्या. अंगाने बारीक, पण आवाज असा की मैदानातलं पोरगं पाय उचललेलं तसंच थांबायचं. मी चौथीपर्यंत शिकले. त्यांनी मला ते कधी जाणवू दिलं नाही. फळ्यावर सुविचार लिहिला की मला बोलावून विचारायच्या, "मावशी, वाचता येतंय ना लांबून?"

मला कामावर घेतलं तेव्हा गावात कुरबुर झाली. आम्ही बौद्ध. माझ्या सासऱ्याच्या काळापासून आमच्या घरात देव्हारा नाही, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब आहेत. बापूराव नावाचे एक शेतकरी, गावात वजन असलेले, चार माणसं घेऊन शाळेत आले.

"मॅडम, आमची लेकरं घरून डबा आणतील. वाद घालाया न्हाई आल्तो, पण..."

"पण काय?" मॅडम म्हणाल्या. "पुढचं बोला ना. लेकरं बसलीत, मावशी उभ्या आहेत. सगळ्यांसमोर बोला."

बापूराव टोपी काढून डोकं खाजवत राहिले.

"जे वाक्य पुरं बोलता येत नाही, ते शाळेत आणायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "खिचडी मावशीच करतील. ज्याला डबा आणायचाय त्यानं आणावा, पण बसायचं एकाच ओळीत."

थोडे दिवस डबे आले. मग खिचडीच्या वासाने पोरंच फितूर झाली आणि डबे बंद पडले. त्या दिवसापासून शैला मॅडम माझ्यासाठी माणसांत वेगळ्या होत्या. देव मानत नाही म्हणून देव म्हणत नाही, एवढंच.

नवरात्र आलं की शाळेत गडबड व्हायची. आमच्या शाळेत सगळ्यांचीच लेकरं. दसरा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन एकाच दिवशी येतात, त्यावरून पोरं भांडायची. सुट्टी आपट्याच्या पानांची की पांढऱ्या कपड्यांची? मॅडम फळ्यावर दोन्ही नावं सारख्या अक्षरांत लिहायच्या आणि म्हणायच्या, "सुट्टी सगळ्यांची, दिवस ज्याचा त्याचा." गावातल्या शबानाची पोरगी उठून विचारायची, "आमचा कोनता?" तिला सांगायच्या, "तुझी ईद झाली की गं, तेव्हा या सगळ्यांनी सुट्टी खाल्ली. आता तू यांची खा."

त्यांनीच सणांची पंगत सुरू केली. दसऱ्याच्या सुट्टीआधी प्रत्येक घरातून एक पदार्थ यायचा आणि शाळेच्या मैदानात सगळं गाव ओळीने बसायचं. बापूरावांच्या घरून धपाटे यायचे, शबानाच्या घरून गोड शेवया यायच्या, आणि गव्हाची खीर माझ्याकडे असायची. पहिल्या वर्षी बापूराव नुसते कडेला उभे राहिले. दुसऱ्या वर्षी बसले. त्यानंतर तर खिरीसाठी सगळ्यांच्या आधी येऊन बसू लागले. हे मॅडमनी घडवलं, दुसऱ्या कोणाला जमलं नसतं.

मॅडम स्वतः पंगतीला बसत नसत. पदर खोचून वाढायच्या. कोणी आग्रह केला तर म्हणायच्या, "नवरात्र आहे हो, नऊ दिवसांचा उपास." उपास करणाऱ्या बाईला जेव म्हणणारं आमच्याकडे कोणी नाही. एरवी सोमवार असायचा, गुरुवार असायचा, एकादशी असायची. मी उपासतापास सोडलेली बाई, मला काय कळणार. मला वाटायचं, किती करते ही बाई! शाळाही सांभाळते आणि देवही.

माझी जाऊ छाया एकदा म्हणाली, "ती मॅडम तुझ्या हातचं खाती का गं?"

"उपास असतो तिला."

"बारा महिने? अगं, मंग मरत कशी न्हाई?"

मी तिला वाट्टेल ते बोलले. ज्या बाईने माझ्यासाठी गावाशी वाद घातला तिच्यावर शंका घेतेस, तुझ्या डोक्यात किडे पडलेत, असं म्हणाले. आमची घरं भिंतीला भिंत लागून, पण त्यानंतर दोन दिवाळ्या आम्ही एकमेकींशी बोललो नाही.

मागच्या वर्षी पावसाने दसऱ्यापर्यंत उसंत दिली नाही. मैदानात गुडघाभर चिखल होता. पंगत पुढे ढकलली ती दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर झाली. नवरात्र संपलेलं. मी खीर ढवळताना मनात म्हटलं, आज मॅडम बसतील. त्यांच्यासाठी काजू घातलेली एक वाटी वेगळी काढून ठेवली.

पंगत बसली. शिंदे सर म्हणाले, "मॅडम, आज तरी बसा."

"अहो, आज माझी चतुर्थी आहे ना," मॅडम म्हणाल्या.

चौथीतली एक पोरगी तोंडात धपाटा घेऊन मोठ्याने बोलली, "मॅडम, चतुर्थी तं परवाच झाली! आमच्या आज्जीनं चंद्र पाहून उपास सोडला."

सगळी पंगत हसली. बायका म्हणाल्या, "मॅडम, पोरांच्या नादानं तिथी बी इसरल्या!" बापूराव सरकून बसले आणि बाजूची जागा थोपटली. "मंग बसा की जल्दी. आता काय अडचण हाय?"

मॅडम बसल्या. मी पत्रावळ मांडली, वाटी ठेवली. शबानाने शेवया वाढल्या. मॅडमनी बापूरावांच्या घरचा धपाटा तोडला आणि खाल्ला. दुसरा घास खाल्ला. अर्धा धपाटा संपला. शेवयांना त्यांनी बोट लावलं नाही. खिरीची वाटी हळूच पत्रावळीच्या कडेला सरकवली आणि डोकं दुखतंय म्हणून उठल्या. कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. शबानाच्याही आलं असावं, कारण ती माझ्याकडे बघत होती.

भांडी घासायच्या वेळी मी त्यांना शेडमध्ये गाठलं.

"मॅडम, तुम्हाला उपास असतो का?"

त्यांनी खोचलेला पदर सोडला. मग म्हणाल्या, "मावशी, तुम्हाला कामावर कोणी ठेवलं? गावाशी कोण भांडलं?"

"तुम्हीच. म्हणून तं तुम्हालाच इचारून राह्यले."

"मला कळतं हो सगळं," त्या म्हणाल्या. "लेकरांना जे शिकवते ते खरंच मानते मी. पण घास घशाखाली उतरत नाही. लहानपणापासून तसंच घातलंय अंगात. काय करू?"

"बापूरावाच्या घरचा उतरला."

त्या स्कूटीची चावी शोधू लागल्या.

"घशाखाली उतरत न्हाई, असं पहिल्या दिवशी सांगितलं असतं तं मला राग आला असता आणि गेला बी असता," मी म्हणाले. "बापूराव तोंडावर बोलाया आल्ता. तुम्ही इतकी वर्षं माझ्या शेजारी उभं राहून माझ्या खिचडीचा नुसता वास घेतला."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी भांडी घासायला बसले. त्यांचं रडणं आवरायला माझे हात रिकामे नव्हते.

संध्याकाळी छायाच्या दारात गेले. काय झालं ते सांगितलं. ती आता हिणवणार, असं मला वाटलं. तिने नुसतं विचारलं, "च्या ठिवू का?" मी ठेव म्हणाले.

उन्हाळ्यात मॅडम निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात त्यांनी माझं नाव दोनदा घेतलं, शाल दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती शाल मी छायाला दिली.

या वर्षी नवीन मुख्याध्यापक सरांनी त्यांना पंगतीची पाहुणी म्हणून बोलावलं. या वेळी नवरात्राआधीच दिवस धरला होता. मॅडम आल्या आणि कोणी म्हणायच्या आधी ओळीत बसल्या. शेवया घेतल्या. मला हाक मारली, "मावशी, खीर वाढा."

मी वाढली. त्यांनी वाटी उचलली आणि कडू औषध घ्यावं तशी, घासागणिक पाण्याचा घोट घेत, संपवली. कपाळाला घाम आला होता. वर बघून म्हणाल्या, "छान झालीय, मावशी."

हे एवढंच मला कितीतरी वर्षं ऐकायचं होतं. आता ते ऐकून काही झालं नाही. बाईने मेहनत घेतली होती, ते मला दिसत होतं. पण माझ्या हातचं खायला एवढी मेहनत लागते, तेही दिसत होतं.

"आनखी वाढू?" मी विचारलं.

त्यांचा हात पटकन वाटीवर गेला. मग त्यांना ते कळलं आणि त्या हात काढू लागल्या. तेवढ्यात बाजूने बापूराव ओरडले, "पंचफुलाबाई, तिथंच उभ्या राह्यल्या का? हिकडं येऊ द्या की पातेलं!"

मी पातेलं उचललं आणि पुढे गेले.