भिलाईत जपलेली एक चाल

गोंदियाहून पॅसेंजरमध्ये बसलो तेव्हा जाताना एक तिकीट आणि येताना दोन, असा साधा बेत होता. आतेभाऊ दौलतचं पत्र आलं होतं: 'आईचा जीव इथं रमत नाही. तिला गावची माती बोलावते. येऊन घेऊन जा.' गावात असताना तीच माती दौलतच्या डोक्यावरच्या टोपल्यात असायची आणि तो तिला जे जे बोलायचा, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

डोंगरगड मागे पडलं, दुर्ग गेलं आणि भिलाईच्या पोलाद कारखान्याची धुराडी दिसू लागली. स्टेशनाबाहेर रिक्षावाल्यानं विचारलं, "कौन सेक्टर? कौन टाइप का क्वार्टर?" आमच्याकडे परक्याला आधी जात विचारतात. इथं क्वार्टरचा टाइप विचारतात. साहेबांचा वेगळा, बाबूंचा वेगळा, कामगारांचा वेगळा. मला अगदी घरच्यासारखं वाटलं.

सेक्टर सहामधलं दौलतचं क्वार्टर म्हणजे दोन खोल्या, अंगण आणि घरात नळ. भिंतीवर, दीक्षा घेतल्यापासूनची, बुद्धाची तसबीर. पारबताआत्यानं गरम चीला (तांदळाच्या पिठाचं धिरडं) आणि टमाट्याची चटणी वाढली. शेजारच्या छत्तीसगढी बाईकडून ती हे शिकली होती.

"मले न्यायले आला ना बापू?" तिनं विचारलं.

"दौलतनं लिहिलं, तुले इथं करमत नाही."

"मले करमते. त्यालेच माह्यी लाज वाटून राहिली. मी साऱ्या गल्लीशी मोडक्या हिंदीत बोलते ना."

तिची पत्र्याची पेटी दोरीनं बांधून दाराशी ठेवली होती. गावात माझ्याशिवाय तिचं कोणी उरलेलं नाही, नुसतं एक गळकं छप्पर आहे, हे दौलतला माहीत होतं आणि मलाही. तरी मी गप्प राहून चौथा चीला खाल्ला.

दुसऱ्या दिवशी रविवार. विदर्भातून आलेल्यांच्या मंडळाची बैठक दौलतच्या अंगणात भरली. दौलत चिटणीस. अध्यक्ष विनायकराव, म्हणजे आमच्याच गावच्या पाटलांचा नातू, प्लांटमध्ये बाबू. सदस्यांची पोरं रस्त्यावर हिंदीत भांडत होती आणि आत मराठी वाचवण्यावर चर्चा चालली होती.

"परमुलखात आलो तरी आपल्या चालीरीती सोडता कामा नयेत," विनायकराव म्हणाले. "तीच आपली पहचान." बोलून घसा सुकला, तेव्हा त्यांनी आत हाक दिली, "आजी, पाणी द्या."

आत्या गडवा (तांब्या) भरून उंबरठ्यावर आली. हातात पेला नव्हता.

"वंजळ करा," ती म्हणाली.

पाटलांच्या दारात आमच्या माणसांना असंच पाणी मिळायचं. पायरीखाली वाकायचं, ओंजळ धरायची, वरून कोणीतरी ओतायचं. भांड्याला आमचा हात लागायला नको म्हणून.

"माय!" दौलत ओरडला.

"कावून? चालीरीती जपा म्हणून राहिले ना हे? यायच्या घरची मले हेच चाल ठाऊक आहे."

सगळे आपापल्या चपलांकडे पाहू लागले. विनायकराव उठले, पायरीखाली वाकले आणि ओंजळ धरली. आत्यानं वरून सावकाश धार सोडली. पाणी कोपरांवरून त्यांच्या इस्त्रीच्या शर्टात शिरलं. गडवा रिकामा होईपर्यंत ते प्याले. मला हसू यायला हवं होतं. पण माझ्या बापाला मी तसंच वाकलेलं पाहिलं आहे, आणि मला रडू आलं.

"आता पेल्यात द्या आजी," ते म्हणाले. "द्यायचं असेल तर."

आत्यानं नळाखाली पेला धुतला, भरला आणि त्यांच्या हातात दिला. "हे इथली चाल. हे जपा."

लोक गेल्यावर दौलतनं पेटीची दोरी सोडली आणि पेटी खाटेखाली सारली.

येताना मी एकच तिकीट काढलं. गाडीत बसून आत्यानं बांधून दिलेले चीले खाल्ले. शाळेत मी मुलांना समतेवर धडा शिकवतो, आणि मीच आत्याला मुकाट्यानं त्या ओंजळीच्या गावी आणायला निघालो होतो, याची वाटभर लाज वाटत राहिली.

गावात शिरताना पाटील ओट्यावर बसलेले दिसले.

"काय मास्तर, पारबता नाही आली? गावची आठवण येत नाही का तिले?"

"येते ना," मी म्हणालो. "परवा तुमच्या नातवासमोरच काढली तिनं."

पाटील खूश झाले. गड्याला म्हणाले, मास्तर उन्हातून आला आहे, पाणी दे त्याले. गडी तांब्या घेऊन पायरीवर आला. मी हात मागे बांधले आणि पेल्याची वाट पाहत उभा राहिलो.