पट्टीखालचे ठिपके

माझ्या थोरल्या जाऊबाई बाळांच्या दवाखान्यात नर्स होत्या. बाळाला वजनकाट्याच्या झोळीत ठेवायचं, वजन बघायचं आणि कार्डावरच्या आलेखात ठिपका द्यायचा, हे त्यांचं काम. मग पहिल्या ठिपक्यापासून शेवटच्यापर्यंत पट्टी धरायची, वाढलेल्या वजनाला महिन्यांनी भागायचं, की निघाला वाढीचा सरासरी दर. दर बरा असला की आई हसत घरी.

एक मुलगी तशीच घरी गेली आणि चार दिवसांत देवाघरी. तिची सरासरी छान होती. सुरुवातीला भराभर वाढली होती. शेवटचे ठिपके मात्र आडवे पडले होते, ते पट्टीखाली झाकले गेले. तेव्हापासून रिकाम्या झोळीचाही काटा हलतो, असं जाऊबाई म्हणत.

"वारा असेल," मी म्हणायचे.

"खिडकी लावून बघ."

बघितलं. पुन्हा वाऱ्याचं नाव काढलं नाही.

नात पाच महिन्यांची झाली, तेव्हा सूनबाई तिला घेऊन माहेरी निघाली. जाता जाता वजन करू म्हणून पिशव्यांसकट दवाखान्यात शिरलो. तीन किलोची पोर सहा किलो झाली होती. सून हिशेबाला पक्की. "महिन्याला सहाशे ग्रॅम! काकू, सरासरी झकास आहे. निघू ना?"

जाऊबाईंनी पट्टी उचललीच नाही. शेवटच्या दोन ठिपक्यांवर बोट ठेवलं. "इथे चढ कुठाय? महिनाभर पोरगी तसूभर वाढली नाही. कुठे जायचं नाही."

"अहो, गाडी चुकेल," मी वैतागले. "तुम्हाला काय, जिथे तिथे ती गेलेली पोरच दिसते!"

बोलून गेले आणि जीभ चावली. त्या रागावल्या नाहीत.

"दिसते खरी," म्हणाल्या आणि डॉक्टरांना बोलावायला गेल्या.

गाडी चुकली. तपासणीत बाळाच्या लघवीत जंतू निघाले. अंगात ताप नाही, रडणं नाही, आम्हाला पत्ताच नव्हता. औषध सुरू झालं.

पुढच्या महिन्यात ठिपका वर चढला. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. सून रडत रडत हसली आणि नातीला झोळीतून उचलून बाहेर गेली. काटा शून्यावर आला, थांबला आणि हळूच पुन्हा सरकला.

जाऊबाईंनी झोळीखाली तळहात धरला, निजलेल्या बाळाला आधार द्यावा तसा.

"झालं गं बाई, उतर आता."

काटा मागे आला की नाही, ते मी बघितलं नाही.