आक्कांची शेगडी

मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्या आळीत काडेपेटीला फारसं कुणी विचारत नव्हतं. सकाळी आक्का चुलीतली राख उकरायच्या, खाली आदल्या रात्रीचा विस्तव तसाच लाल असायचा, आणि आळीतल्या दोघी-तिघी हातात शेणी घेऊन दारात उभ्या असायच्या. प्रत्येकीच्या शेणीवर आक्का एक निखारा ठेवायच्या. तेवढ्या वेळात कुणाची म्हैस आटली, कुणाची सून रुसून माहेरी गेली, कुणाच्या पोराची पलटण कुठं हलली, सगळं कळायचं. आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. "आपल्या घरचा इस्तू कवा इझला न्हाई," हे त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं होतं, की झोपेतही म्हणून दाखवलं असतं.

आमचं गाव कुंडलच्या जवळचं. माझे मालक फौजेत, थोरले दीर उसात, आणि चूल आक्कांच्या ताब्यात. मला तिथं थारा नव्हता. "तुजी भाकरी भिताडाला मारली तर भिताड पडंल," असं त्या आल्यागेल्यांसमोर म्हणायच्या. माझ्या नाकावर राग तेव्हाही असायचा. मीही फणकाऱ्यानं खुरपं उचलायची आणि रानात जायची.

पण त्यांना दमा होता. बोलता बोलता मध्येच थांबायच्या, छातीवर हात ठेवायच्या आणि उरलेलं वाक्य डोळ्यांनी पुरं करायच्या. एका पावसाळ्यात त्यांचे ओठ काळेनिळे पडायला लागले, तेव्हा मी त्यांना एसटीनं मिरजेला नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली आणि सांगितलं की धूर सुटला नाही तर औषधाचा काही उपयोग नाही, असं किती दिवस काढणार. येताना गाडीत आक्का खिडकीबाहेरचा ऊस बघत होत्या. मग म्हणाल्या, "धुरापासनं लांब म्हंजे ऱ्हायाचं कुठं? उसात?" गाडीतली माणसं हसली. मला हसू आलं नाही, मला भीती वाटत होती. मला आई नव्हती, आणि टोमणे मारत का होईना, माझं डोकं दुखलं तर तेल लावणारी ही एकच बाई होती.

मालक रजेवर आले तेव्हा मी त्यांना पाणीही न विचारता हेच सांगितलं. त्यांनी आष्ट्याजवळ पलटणीतल्या एका मित्राच्या घरी गोबरगॅस पाहिला होता. शेण पाण्यात कालवून खड्ड्यात सोडायचं, वर लोखंडी टाकी पालथी घालायची, आत गॅस धरतो, टाकी वर उचलली जाते, आणि नळीनं तो गॅस शेगडीत येतो. धुराचं नाव नाही. अडचण एवढीच होती, की आमची जनावरं चार आणि शेण लागणार त्याच्या दुप्पट. समोरच्या मामींच्या गोठ्यात म्हशीच म्हशी होत्या. मालक त्यांच्याकडं गेले, मीही मागून गेले.

"श्यान तुमी न्हेल्यावर आमी चुलीत काय घालायचं? आमचं हातपाय?" मामींनी विचारलं.

मालकांनी त्यांना समजावलं, की गॅस निघून गेल्यावर जो रबडा बाहेर पडतो तो शेणापेक्षा भारी खत असतो, आणि त्यातला निम्मा मामींच्या उसाला. मामी हिशेबाला पक्क्या. थोडा वेळ आढेवेढे घेऊन त्या तयार झाल्या. त्यांची सून भिंतीला टेकून उभी होती. नवीनच आलेली, सतरा-अठराची पोर. तिला कुणी काही विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

परसात विहिरीसारखा गोल खड्डा खणला. सांगलीहून टाकी आली तेव्हा सगळी आळी बघायला जमली, आणि ती उतरवायला थोरल्या दिरांनी उसाच्या फडातले गडी बोलावून आणले. पहिल्यांदा खड्डा भरायला शेण फार लागतं. मामींच्या सुनेनं आणि मी पाट्या वाहून वाहून कंबर मोडून घेतली. मालकांची रजा संपली, टाकी अजून हललेली नव्हती, ते गेले. ते गेल्यावर मग ती हळूहळू वर यायला लागली.

इथंच आमचं गाडं अडलं. आक्कांनी फर्मान काढलं, की पाडव्याशिवाय गॅसला हात लावायचा नाही. पाडवा यायला अवकाश होता. तोवर टाकी पार वर आली, आणि येईल त्या बाईला आक्का परसात नेऊन ती दाखवायच्या. तुपाचं भांडं विसळलेलं पाणी आमटीत जाणारं आमचं घर. साठवलेली वस्तू बघून त्यांचा जीव सुखावायचा.

पाडव्याला गुढी उभी राहिली, शेगडीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. आळीतल्या बाया स्वयंपाकघरात मावत नव्हत्या. आक्कांनी काडी ओढली. काडी विझली. दुसरी ओढली, तीही विझली. नुसता वास सुटला. मामी दारात पदर नाकाला लावून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आगं बया, श्यानाला जाळ लागायचा तर आदी ते वाळावं लागतंय!" सगळ्या खोखो हसल्या. आक्का उठल्या आणि चुलीपुढं जाऊन बसल्या.

नंतर ग्रामसेवक सायकलवरून आले. त्यांनी टाकी पाहिली आणि त्यांनाही हसू आलं. पहिल्यांदा धरलेला गॅस पेटत नसतो, त्यात निकामी हवाच जास्त असते, तो सगळा सोडून द्यायचा आणि मग येईल तो वापरायचा, असं त्यांनी नीट सांगितलं. आक्कांनी ऐकून घेतलं, त्यांना चहा दिला, आणि ते वळणापलीकडं गेल्यावर म्हणाल्या, "भरल्याली टाकी वतून द्यायाची? लक्षुमी हाय ती. माज्या जिवात जीव हाय तवर न्हाई."

मी रोज त्यांच्याशी भांडायची. त्या टाकीवर हात फिरवायच्या आणि धुरात जाऊन बसायच्या. एका सकाळी भाकरी थापता थापता त्यांचा श्वास अडकला. तवा चुलीवर, पीठ हाताला, आणि तोंडाचा नुसता आ. मी त्यांना उचलून ओसरीवर आणलं, पाठ चोळली, गरम पाणी पाजलं. श्वास परत लागायला फार वेळ गेला. तो लागला तसा माझ्या डोक्यात राग चढला. मी पदर खोचला, परसात गेले आणि टाकीचा कॉक सगळा उघडला. सूं सूं करत गॅस निघाला आणि टाकी खाली बसायला लागली. आक्का ओसरीवरून बघत होत्या. ओरडायला त्यांच्यात दम नव्हता म्हणून मी वाचले. पुढं बरेच दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. आजही वाटत नाही.

टाकी पुन्हा भरली. या खेपेला मुहूर्त नाही, नारळ नाही. मी काडी लावली आणि भक्कन निळा जाळ उभा राहिला. आक्का खाली वाकून बघत राहिल्या. "जाळ दिसतच न्हाई की गं," एवढंच म्हणाल्या. पण दुपारी त्यांनी स्वतः चहा केला आणि मला आधी दिला.

उन्हाळाभर टाकी तुडुंब असायची. आक्कांच्या अंगावर मांस धरलं. खोकल्याची उबळ कमी झाली, मग थांबली. मी मालकांना पत्रानं कळवलं तेव्हा लिहिता लिहिता मला रडू आलं. फक्त एक झालं. चूल थंड, त्यामुळं सकाळी विस्तवाला कुणी येईना. आळीनं काडेपेट्या घेतल्या. आक्का सवयीनं दाराशी जाऊन बसायच्या आणि मग उठून आत यायच्या.

आषाढात झड लागली. सकाळची वेळ होती, शेगडीवर भात रटरटत होता. आक्का एकदम म्हणाल्या, "कोन खोकतंय गं?"

मी कान दिला. समोरून खोकला येत होता, बारीक, कोरडा, थांबून थांबून. मामींच्या छपराच्या कौलांतून पांढरा धूर निघत होता आणि पावसानं तिथंच दबून राहिला होता.

"मामींची सून," मी म्हणाले. "उसाचं ओलं पाचट जाळतीय बहुतेक."

"शेण्या कुटं गेल्या त्यांच्या?"

शेण्या कुठं गेल्या ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. रोज सकाळी तीच पोर पाट्या भरून आमच्या परसात आणून टाकत होती.

आक्का शेगडीकडं बघत बसल्या. मग म्हणाल्या, "माजा खोकला व्हता तवर मला तिचा कवा आयकूच आला न्हाई." त्यांनी कॉक बंद केला, अर्धाकच्चा भात तसाच ठेवला, पोत्याची खोळ डोक्यावर घेतली आणि पावसात गेल्या. मीही मागून पळाले.

पोर चुलीपुढं बसली होती, डोळे सुजलेले. आक्कांनी तिच्या पुढ्यातली पिठाची परात उचलली. मामी ओरडल्या, "आवं, आमच्या घरची सून दुसऱ्याच्या घरात भाकरी थापनार? लोक काय म्हनतील?"

"श्यान तिचं, हात तिचं, आन धूर बी तिलाच?" आक्का म्हणाल्या. एका दमात म्हणाल्या. "सकाळचा ग्यास तिचा. सांच्याला आमी करू. तुमाला पटत नसंल तर तुमी बसा चुलीपुडं."

मामी चुलीकडं बघत राहिल्या आणि मग बाजूला सरल्या. आक्कांनी परात पदराखाली झाकली, पोरीचा हात धरला, आणि आम्ही तिघी पावसातून घरी आलो. आक्का माझ्याकडं वळल्या आणि म्हणाल्या, "भात तू बघ. चूल पेटीव. मी आज हिला शेगडी दावते."